मावळचे एका दिवसाचे पाहुणे

कार्ल्याच्या मोठ्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर ब्राह्मी लिपीतले काही लेख कोरलेले आहेत. भाविकांची रांग समोरच्या एकवीरेच्या देवळाकडे वळते, हौशी पर्यटकांचे मोबाइल आतल्या छताच्या लाकडी फासळ्यांकडे रोखलेले असतात, आणि ही अक्षरं बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. त्यांतल्या एका लेखात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात सांगतो, की वलूरकच्या लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी त्याने करजिक नावाचं गाव दिलं आहे. हे दान चारी दिशांकडून येऊन इथे पावसाळा काढणाऱ्या भिक्षूंसाठी आहे. पुढे सातवाहनांच्या अमलात त्याच गावाबद्दलची आज्ञा ‘मामाड’च्या अमात्याला गेली, तीही इथेच कोरलेली आहे. मामाड म्हणजे आपलं मावळ, असं अभ्यासक मानतात. भिक्षूंनी पावसाळ्यात हिंडू नये, एका जागी राहावं, हा वर्षावासाचा नियम. त्याचं कारण बौद्ध परंपरेत दिलेलं आहे: भर पावसात वाट तुडवत निघालं की कोवळं गवत आणि बारीकसारीक जीव पायाखाली येतात, अशी लोकांची तक्रार होती. म्हणजे मावळात पावसाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांची जी पहिली लेखी नोंद सापडते, तिच्यात पाहुणा तीन महिने मुक्कामाला आहे, तो फार हिंडत नाही, आणि त्याच्या पोटापाण्याची सोय कोणत्या गावाच्या उत्पन्नातून व्हायची हे आधीच ठरलेलं आहे.

आज त्याच खोऱ्यात त्याच महिन्यांत येणारा पाहुणा सकाळी निघतो आणि रात्री घरी जेवायला परततो. मधल्या वेळात तो भुशी धरणाच्या पायऱ्यांवर भिजतो, टायगर पॉइंटवर धुक्यात फोटो काढतो, कणीस आणि कांदाभजी खातो, चिक्कीची पाकिटं घेतो, आणि जितका वेळ पाण्यात बसला असेल त्याहून जास्त वेळ गाडीत बसतो. त्याची हौस खोटी नाही. वर्षाला साधारण चार-साडेचार हजार मिलिमीटर पाऊस झेलणारा हा घाटमाथा मुंबई आणि पुणे या दोन महानगरांच्या मधोमध, रेल्वेच्या आणि द्रुतगती मार्गाच्या काठावर असेल, तर लोक येणारच. प्रश्न त्यांनी यावं की नाही हा नाहीच. माझं म्हणणं असं, की मावळातल्या पर्यटनाचं दुखणं गर्दीच्या आकड्यापेक्षा तिच्या घडणीत आहे. पर्यटनाचा सगळा भार ज्या गावांवर पडतो, त्यांना ना गर्दीचं दार उघडझाप करण्याचा अधिकार आहे, ना येणाऱ्या पैशात ठरलेला वाटा. हे बदललं नाही तर ‘शाश्वत’, ‘इको’, ‘हरित’ अशी कितीही विशेषणं पाट्यांवर रंगवली तरी फरक पडणार नाही.

हा व्यवहार जुना आहे. बोरघाटातून रेल्वे १८६३ साली वर चढली, आणि वाफेच्या इंजिनांना पाणी हवं म्हणून भुशीचं धरण बांधलं गेलं. आज ज्या पायऱ्यांवरून पाणी फेसाळत उतरताना लोक हरखून जातात, ती मुळात आगगाडीची तहान भागवायची सोय. मग टाटांनी लोणावळा, वळवण, शिरवता इथे पाणी अडवलं आणि पूर्वेकडे वाहणारं पाणी पश्चिमेला कड्यावरून खाली सोडून १९१५ साली खोपोलीला वीज तयार केली. ती मुंबईच्या गिरण्यांना गेली. शेजारच्या मुळशी खोऱ्यात हीच गोष्ट घडू लागली तेव्हा १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नावाने ओळखला जाणारा सत्याग्रह झाला. स्वातंत्र्यानंतर पवना धरण आलं. त्याचं पाणी पिंपरी-चिंचवडला जातं, आणि ते बंद जलवाहिनीतून नेण्याला विरोध करताना ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर पोलिसांच्या गोळीबारात तीन आंदोलकांचा जीव गेला. पाणी, वीज, रस्त्यासाठी जमीन, आणि आता शनिवार-रविवार. शहराने मागायचं आणि मावळाने द्यायचं, ही रीत पर्यटनाने नव्याने पाडलेली नाही. पर्यटन तिच्यातला सगळ्यात हसरा हप्ता आहे इतकंच.

‘इकोटुरिझम’ या शब्दाची सर्वमान्य व्याख्या अगदी साधी आहे: निसर्गाच्या ठिकाणी असा प्रवास, ज्याने तो निसर्ग टिकेल आणि तिथल्या लोकांचं भलं होईल. आपल्याकडे व्याख्येचा पहिला अर्धा भाग उचलला गेला, तोही झाडाशेजारी खोली बांधली की झालं इतक्या अर्थाने. दुसऱ्या अर्ध्या भागाचं काय झालं हे पाहायचं तर मावळात कोणती जागा कोणाची आहे ते पाहावं. भुशी धरण रेल्वेचं. त्याच्या मागच्या धबधब्याचा परिसर वनखात्याचा. कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी आणि लोहगड-विसापूर हे किल्ले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. वळवणचा जलाशय टाटांचा, पवनेचा जलसंपदा खात्याचा, घाटरस्ते आणखी कोणाचे. प्रत्येक जागेला मालक आहे, आणि प्रत्येक मालकाचा मुख्य धंदा पर्यटन सोडून दुसराच काही आहे. रविवारच्या संध्याकाळी मागे राहिलेल्या बाटल्या, थर्माकोलच्या ताटल्या आणि चिखलात रुतलेल्या चपला मात्र ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत पडल्या तिच्या. घंटागाडीचं डिझेलही तिनेच भरायचं.

अधिकार असे विखुरलेले असले की दुर्घटना कशी घडते, हे दोन पावसाळ्यांनी दाखवलं. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, एक स्त्री आणि चार मुलं. हा डोंगर काळ्या कातळाचा आहे. वर मातीचा थर पातळ, उतार तीव्र, त्यामुळे माथ्यावर जोराची सर आली की पाणी मुरत नाही, सरळ ओढ्यात उतरतं. खाली उभ्या माणसाच्या डोक्यावर पाऊस तेवढाच असतो, आणि घोट्याएवढं पाणी पाहता पाहता कमरेला लागतं. इथल्या गुराख्याला हे पाण्याचा रंग गढूळ होताच कळतं. शहरातून आलेल्याला कळावं अशी अपेक्षा धरता येत नाही. पुढच्या वर्षी १५ जून २०२५ रोजी, रविवारीच, इंदोरीजवळ कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला आणि चार जणांचा मृत्यू झाला, पन्नासच्या आसपास लोक जखमी झाले. तो पूल गावकऱ्यांच्या जाण्यायेण्यासाठी बांधलेला. नदीच्या कातळातले रांजणखळगे आणि फेसाळतं पाणी पाहायला जमलेल्या जमावाचं आणि त्यात घुसलेल्या दुचाक्यांचं ओझं पेलण्यासाठी तो नव्हता. पूल धोकादायक असल्याची पाटी लागलेली होती.

दोन्ही वेळेला नंतर जे झालं ते ठरलेलं: जिल्हा प्रशासनाचे प्रतिबंधात्मक आदेश, काही टपऱ्यांवर कारवाई, पोलिसांचा बंदोबस्त, आणि ‘पर्यटकांनी जबाबदारीने वागावं’ हे आवाहन. बंदी तातडीचा उपाय म्हणून योग्यच आहे, तिने जीव वाचत असतील. पण बंदीत दोनच अवस्था असतात, सगळं उघडं किंवा सगळं बंद. ‘आज इथे पाचशे माणसं सामावतील, पाचशे एकावा उद्या’ असं म्हणण्याची व्यवस्था त्यात नाही. पाटी माणसं मोजत नाही. ती मोजायला दारात कोणीतरी उभं लागतं, आणि त्या कोणाला तरी परत पाठवण्याचा अधिकार लागतो.

लोहगडाचं उदाहरण थोडं गमतीचं आहे. त्याच्या चढणीच्या वाटेवर एकामागून एक चार दरवाजे आहेत: गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. वाट मुद्दाम नागमोडी काढलेली, का तर मोठं सैन्य एकदम वर घुसू नये, वळणावळणावर अडकावं. ही रचना आजही चोख चालते. जुलैतल्या रविवारी हजारो माणसं या वळणांमध्ये अडकतात, वरच्यांना उतरता येत नाही, खालच्यांना चढता येत नाही, आणि बुरुजांवर शत्रू नसतो एवढंच समाधान. ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून जे बारा किल्ले जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत लोहगड आहे. म्हणजे गर्दी वाढणार हे गृहीत धरायला हवं. माथ्यावर पाहिलं तर पायवाटेच्या कडेला एक गोष्ट दिसते. पावसात वाटेत चिखल होतो, चिखल टाळायला माणूस शेजारच्या गवतावरून चालतो, दोन आठवड्यांत तिथेही चिखल होतो, मग तिसरा आणखी बाहेरून जातो. सड्यावरची माती काही बोटं जाडीची असते. सोनकी, तेरडा, कीटक खाणाऱ्या इवल्या वनस्पती, कंदातून उगवणारी फुलं या सगळ्यांचा संसार तेवढ्या मातीत चालतो, आणि तोही तीन-चार महिनेच. एकदा माती वाहून गेली की खाली कातळ लागतो. वर्षावासाचा नियम ज्या तक्रारीतून आला ती तक्रार हीच.

राजमाचीच्या काजव्यांचंही असंच. मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला, पहिल्या पावसाच्या आगेमागे, झाडंच्या झाडं एका तालात लुकलुकतात. तो उजेड म्हणजे नराने मादीला दिलेली खूण. गाडीचा दिवा, टॉर्च, कॅमेऱ्याचा फ्लॅश यांच्या झोतात ही खूण पुसली जाते, आणि जमिनीलगतच्या गवतात असलेल्या माद्या आणि अळ्या पायाखाली जातात. काजवा प्रौढ झाल्यावर जेमतेम दोन-तीन आठवडे जगतो. म्हणजे ज्या शनिवार-रविवारी माणसांची सर्वाधिक झुंबड, ते त्याच्या आयुष्यातले मोजके दिवस. काजवे पाहूच नयेत असं यातून निघत नाही. पण लोणावळ्याहून पंधराएक किलोमीटर चालत येऊन उधेवाडीत कोणाच्या तरी घरी पिठलं-भाकरी खाऊन रात्र काढणारे वीस जण आणि रात्रीच गाड्या घेऊन वर चढणारे दोनशे जण यांत फरक आहे, आणि तो फक्त संख्येचा नाही. पहिल्यांचा पैसा गावात राहतो, आणि टॉर्च बंद करा असं घरमालकीण त्यांना हक्काने सांगू शकते.

मला वाटतं सगळ्या प्रश्नाची किल्ली या मुक्कामात आहे. एका दिवसाचा पाहुणा रस्ता, वाहनतळ, पाणी, शौचालय, पोलीस सगळं वापरतो आणि त्याच्या खर्चातला मोठा भाग पेट्रोल, टोल आणि महामार्गावरच्या फूड मॉलमध्ये संपतो. जो राहतो तो जेवतो, इंद्रायणी तांदळाचा भात आवडला म्हणून पाच किलो बांधून नेतो (हा वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातला, हे मावळकर आवर्जून सांगतात), आणि ओळख ठेवून परत येतो. लोणावळ्याला ही गोष्ट नवखी नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली इथे कैवल्यधाम काढलं. तिथे शंभर वर्षं लोक आठवडे-महिने राहायला येत आहेत, आणि त्यांच्यामुळे घाटात कधी वाहनांची रांग लागली असं ऐकिवात नाही. व्हेनिसने एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी फक्त एका दिवसासाठी येणाऱ्यांवर पाच युरोचं शुल्क लावलं आणि मुक्कामी पाहुण्यांना त्यातून वगळलं, त्यामागचा तर्क हाच. अर्थात शुल्काने तिथली गर्दी फारशी घटली नाही, ही टीकाही खरी आहे. दाम लावणं पुरत नाही, आकडाही ठरवावा लागतो. तो साताऱ्याजवळ कास पठारावर ठरवून पाहिला गेला: फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजार, आधी ऑनलाइन नोंदणी, आणि व्यवस्था भोवतालच्या गावांच्या समितीकडे, वनखात्याच्या देखरेखीखाली. तिथेही चुका झाल्या. कुंपणामुळे गुरांचं चरणं थांबलं आणि फुलांवरच विपरीत परिणाम झाला, असा आक्षेप अभ्यासकांनी घेतला आणि पुढे कुंपण काढावं लागलं. पण चूक दिसली, चर्चा झाली, सुधारली गेली. चुकीचा मालक माहीत असला की असं होतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो वर्गाचा, आणि तो टाळण्यासारखा नाही. ज्याच्याकडे फार्महाऊस किंवा खासगी व्हिला घेण्याइतका पैसा आहे, त्याला भुशीच्या पायऱ्यांची गरज नाही. भिवंडीहून, धारावीहून, हडपसरहून डबा बांधून येणाऱ्या कुटुंबाची ती वर्षातली एकमेव सहल असते. शुल्क आणि नोंदणी म्हणजे त्यांनाच दार बंद करणं. हे खरं आहे, आणि म्हणूनच मर्यादा माणसांवर घालण्याआधी मोटारींवर घालायला हवी. चार माणसांची एक मोटार रस्त्याची जितकी जागा अडवते तितक्यात बसमधली पंचवीस-तीस माणसं मावतात. मावळाचं नशीब असं, की पुणे-लोणावळा लोकल तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली अशी सगळ्या खोऱ्यातून जाते. मळवलीला उतरलं की भाजे लेणी पायी अर्ध्या-पाऊण तासावर आहेत, लोहगड-विसापूरची वाट तिथूनच, कार्ले दुसऱ्या बाजूला. पावसाळ्यातल्या रविवारी लोकलच्या जादा फेऱ्या, स्थानकापासून गावच्या जीप आणि एसटीच्या बस, आणि भुशी-टायगर पॉइंटच्या रस्त्यावर खासगी मोटारींना मज्जाव, इतकं केलं तर गरीब पर्यटकाची वाट अडत नाही, उलट मोकळी होते. घाटापलीकडचं माथेरान मोटारींशिवाय चालतंच आहे. वाहनं दस्तुरी नाक्यावर थांबतात. तिथेही सगळं गोड आहे असं मानायचं कारण नाही. मोटार नाही म्हणून माणसाने माणूस ओढायच्या रिक्षा तिथे चालू राहिल्या, आणि त्या बंद करा असं ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. मोटारबंदी करताना ओझं कोणाच्या खांद्यावर सरकतं तेही पाहायला हवं.

दुसरा आक्षेप टपरीवाल्यांचा. कणीस भाजणारी बाई, भजी तळणारा मुलगा यांचा वर्षाचा संसार या आठ-दहा रविवारांवर उभा असतो. गर्दी कमी झाली तर तेच आधी मरतील. पण आजच्या व्यवस्थेत त्यांचं काय होतं ते पाहावं. दुर्घटना घडली की पहिला बुलडोझर त्यांच्याच पत्र्यावर चालतो, आणि बंदीच्या आदेशाने एका दुपारीत हंगाम संपतो. त्यांना जी गर्दी मिळते ती एका दिवसात कोसळणारी आणि दुसऱ्या दिवशी शून्य. नोंदणी झालेली टपरी, ठरलेली जागा, आणि जूनपासून फेब्रुवारीपर्यंत पसरलेला हंगाम त्यांच्या जास्त फायद्याचा आहे. मावळ फक्त भिजण्यापुरतं नाही. सप्टेंबरात सडे फुलतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरात भाताची खाचरं पिवळी होतात, थंडीत लेणी आणि किल्ले निवांत पाहता येतात. त्या महिन्यांत पाहुणे येत नाहीत याचं एक कारण असं, की आपण मावळाची जाहिरातच धबधबा म्हणून केली.

तिसरा आक्षेप सगळ्यात टोकदार: गावाच्या हाती अधिकार दिला तर गाव तरी शहाणं वागेल कशावरून? जमिनी विकल्या त्या गावकऱ्यांनीच. पवनेच्या काठावरचे तंबू, रात्रीचा डीजे, पाण्यालगतच्या शेकोट्या यांत स्थानिकांचाही हात आहे. हे मान्य. पण धरणात जमीन गेलेल्या कुटुंबांचं पुनर्वसन दशकानुदशकं रखडलेलं असताना त्यांच्या मुलाने उरलेल्या काठावर चार तंबू लावले, तर त्याच्याकडून कायद्याची अपेक्षा करण्याआधी त्याला कायदेशीर करायला हवं. परवाना, तंबूंची संख्या, मैलापाण्याची व्यवस्था, बुडणाऱ्याला वाचवायचं प्रशिक्षण, आणि नियम मोडला तर रद्द होईल असा हक्क. ज्याच्याकडे हक्कच नाही त्याचं काढून काय घेणार? ग्रामसभेत धनदांडगे शिरजोर होतात हेही खरं, पण मुंबईत आणि पुण्यात बसून निर्णय घेणारे काही कमी शिरजोर नसतात. कुरवंडे हद्दीत टायगर पॉइंट आणि लायन्स पॉइंटला सुमारे ३३३ कोटींचा काचेचा स्कायवॉक उभारायची योजना पुढे आली. इंद्रायणीचा उगम याच कुरवंड्याच्या परिसरातला. इथून निघालेलं पाणी पुढे देहू आणि आळंदीला जातं. दरीवर काचेची जमीन बांधल्यावर आणखी किती गाड्या वर येतील आणि त्यांचं सांडपाणी कोणत्या ओढ्यात उतरेल, हे कुरवंड्याच्या ग्रामसभेपेक्षा जास्त आस्थेने कोण विचारील?

पैशाचा मार्गही अगदी नव्याने शोधायला नको. महाराष्ट्राच्या १९५८च्या ग्रामपंचायत कायद्यात यात्राकराची तरतूद आहे, कारण जत्रेला येणारा माणूस गावावर भार टाकतो आणि त्याने थोडा वाटा उचलावा हे तेव्हाही कळत होतं. एकवीरेची चैत्री यात्रा घ्या. कोळी-आगरी समाजाच्या पालख्या येतात, कोंबड्या-बकऱ्यांचे नवस फिटतात, गडावर पाय ठेवायला जागा नसते. पर्यावरणाच्या दृष्टीने हा काही आदर्श नव्हे. पण तिची तिथी सगळ्यांना आधी माहीत असते, आणि म्हणून जादा बस, पाण्याचे टँकर, आरोग्य पथक, पोलीस हे सगळं आठवडाभर आधी जागेवर असतं. पावसाळी गर्दी मात्र दरवर्षी अचानक आल्यासारखी येते. जुलैत रविवार चार किंवा पाच असतात, आणि ते आदल्या डिसेंबरातच दिनदर्शिकेत लाल रंगात छापून घरोघरच्या भिंतीवर लागलेले असतात.